आंबट, खारट आणि साडेचार टक्के

आमच्याकडे बिअर आंबट लागली तर ती बिघडलेली असते आणि खारट लागली तर कुणीतरी चखण्याची बोटं ग्लासात बुडवलेली असतात, तिसरी शक्यताच नाही. बिअर म्हणजे पिवळी, गारेगार, जराशी कडू, बाटलीवरनं पाणी ओघळतंय अशी, बास. वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत कुठल्याही परमिट रूममध्ये बसा, प्रश्न एकच येतो, स्ट्राँग की माइल्ड, आणि माइल्ड म्हटलं की वेटर विचारतो, तब्येत बरी नाही काय. त्यामुळे तेरेखोलच्या खाडीपलीकडे पेडण्यात एका छोट्या मायक्रोब्रूअरीत, म्हणजे जागेवरच बिअर करून विकणाऱ्या ठिकाणी, गोझ नावाची जर्मन बिअर मिळतेय, तिच्यात धने घालतात, मीठ घालतात आणि ती मुद्दाम आंबट करतात, असं मामेभावानं सांगितलं तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया, मग आपण बिअर कशाला प्यायची, सोलकढीच पिऊ की, अशी होती.

गंमत म्हणजे हे मी थट्टेत म्हणालो आणि नंतर दोन-तीन आठवडे तेच डोक्यात बसलं. म्हणजे बघा, आंबट आणि खारट हे आपल्या जिभेचं घरचं गणित, ताटात चालतं, वाटीत चालतं, उन्हातनं आल्यावर तांब्यात चालतं, फक्त बिअरच्या ग्लासात चालत नाही, का बरं?

तर एप्रिलातल्या एका शनिवारी निघालो. मी, मामेभाऊ आणि मामा. मामेभाऊ गाडी चालवणार होता म्हणून तो लिंबूसोड्यावर राहणार हे आधीच ठरलेलं, आणि मामांना आम्ही नेलं कारण ते स्वतःच गाडीत जाऊन बसले. शिरोड्याहून रेडी, रेडीहून तेरेखोल, मग फेरीबोटीत गाडी घालून पलीकडे केरी, आणि तिथून हरमल, मांद्रे. पुलावरनं आरोंद्याकडनं जाता येतं पण मामांना फेरीबोटच हवी असते. मामांचं वय सत्तरीच्या पुढे. शिरोड्यातच जन्म, त्यामुळे मीठ हा त्यांचा विषय. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला होता तो त्यांनी अर्थातच बघितलेला नाही, पण त्यांच्या वडिलांकडून इतक्या वेळा ऐकलाय की सांगताना ते स्वतः तिथे हजर असतात.

मामांनी अट घातली की आधी आगरवाड्याची मिठागरं बघायची, मग तुमची ती बिअर. म्हणून ब्रूअरी मागे टाकून आधी शापोराच्या बाजूला गेलो. भर दुपारी मिठागर बघणं म्हणजे डोळे मिटून बघणं, एवढं ते पांढरं ऊन परत अंगावर येतं. भरतीचं पाणी एका बाजूनं आत घ्यायचं, एका कोंड्यातनं दुसऱ्यात, दुसऱ्यातनं तिसऱ्यात असं पुढे सरकवत न्यायचं, दर टप्प्याला ते आटत जातं, आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ धरायला लागतं ते ओढून कडेला ढीग लावायचे. पाऊस आला की कारभार संपला. मामा बांधावर वाकले, चिमूटभर मीठ तोंडात टाकलं आणि म्हणाले, "बरा असा." आमच्या शिरोड्याच्या मिठाला ते ह्याहून जास्त मार्क देणार हे उघड होतं, पण पाहुणे म्हणून आले होते, बोलले नाहीत.

मग ब्रूअरी. पत्र्याच्या उंच छपराखाली लाकडी टेबलं, काचेच्या भिंतीमागे स्टीलच्या टाक्या, फळ्यावर खडूनं लिहिलेली बिअरची नावं. हेफेवायझन होती, बेल्जियन विट होती, आयपीए होती, ही सगळी नेहमीची मंडळी, पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रूअरी सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या लोकांना ही नावं हळूहळू पाठ झालीत. हेफेवायझनचं तर इतकं झालंय की मायक्रोब्रूअरीत जाऊन काही सुचलं नाही तर लोक तीच मागतात, तो केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमुळे येतो, त्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते, हे टेबलावर एकजण तरी दुसऱ्याला सांगतच असतो. फळ्याच्या तळाशी गोझ. शेजारी अल्कोहोलचा आकडा, साडेचार टक्के.

आता चव. ग्लास आला तो फिकट पिवळा, जरासा गढूळ, फेस पांढरा पण आल्या आल्या बसायला लागलेला. नाकाजवळ नेला तर लिंबाच्या सालीसारखा एक वास आणि त्यामागे धने, भाजलेले नाहीत, नुसते कुटलेले, हिरवट वासाचे. पहिला घोट आंबट. चिंचेसारखा दात शिवशिवणारा आंबटपणा नाही, दह्याच्या निवळीकडे झुकणारा मऊ आंबटपणा. गिळल्यावर एक सेकंदभर काहीच नाही, आणि मग जिभेच्या कडांना मीठ लागतं. त्या मिठामुळे तोंडाला परत पाणी सुटतं आणि हात आपोआप ग्लासाकडे जातो. कडूपणा जवळजवळ नाहीच. शेवट एकदम कोरडा, गोडाचा मागमूस नाही.

मामांनी घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, आमच्याकडे बघितलं.

"ह्या काय रे, आगळाचा पाणी?"

आणि मला तेव्हा पटकन कळलं की माझ्या जिभेवर इतका वेळ काय घुटमळत होतं. कोकमाचं आगळ. मीठ घालून टिकवलेला तो लालभडक रस, बरणीतला, त्याचे दोन चमचे गार पाण्यात टाकले की जे लागतं, त्यातला रंग आणि कोकमाचा वास काढून टाका, आत थोडे बुडबुडे सोडा, झाली गोझ. हे ऐकून कुणी जर्मन माणूस माझ्यावर चिडेल कदाचित, चिडू दे. मामेभाऊ म्हणाला, "मामा... आपलं, बाबा, बिघडलेली नाय हां, मुद्दाम तशी केलेली आसा." (माझ्याबरोबर असला की तोही स्वतःच्या बापाला मामा म्हणायला लागतो.) मामा म्हणाले, "बिघडलेली खंय म्हटलंय? चांगली लागता." आणि ग्लास संपवला.

ब्रूअर सांगलीकडचा पोरगा, तिशीतला, पुण्यात दोन-तीन ठिकाणी काम करून इथे आलेला. दुपारची वेळ, गर्दी नव्हती, आणि मामांनी मिठाबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केल्यावर तो खुर्ची ओढून बसलाच. आगरवाड्याचंच मीठ वापरतोस काय, हा पहिला प्रश्न. होय, म्हणाला, जाडं, आयोडीन नसलेलं, धुऊन घेतो. किती? लिटरला ग्रॅमभर, कधी त्याहून कमीच. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामानाने हे काहीच नाही, आणि तरी कळतं. मीठ जास्त झालं तर बिअर मचूळ लागते, कमी झालं तर आंबटपणा उघडा पडतो. मामांना हे आवडलं. २००६ पासून देशभर आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला बंदी आहे, तेव्हापासून मिठागरावरचं मीठ म्हणजे मासे खारवायला, नाहीतर माडाच्या मुळात घालायला, असं त्याचं खालच्या मानेनं जगणं चाललेलं, आणि इथे एकजण ते मोजून ग्रॅममध्ये बिअरमध्ये घालतोय. त्यांनी त्या पोराला एकदम अहो-जाहो करायला सुरुवात केली.

करायची पद्धत त्यानं सांगितली ती मला फार आवडली कारण अर्धी आपल्या स्वयंपाकघरातली आहे. निम्मा गहू, निम्मा जव, दोन्ही मोड आणून वाळवलेले, म्हणजे माल्ट. ते गरम पाण्यात भिजत ठेवून गोड पाणी काढायचं, त्याला वर्ट म्हणतात. साध्या बिअरसाठी हे लगेच हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, घालून उकळतात आणि गार करून यीस्ट घालतात. गोझसाठी मध्ये एक थांबा. ते गोड पाणी चाळीस अंशांच्या आसपास आणून त्यात लॅक्टोबॅसिलस सोडायचे, आपल्या दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद, आणि झाकून रात्रभर, कधी दीड दिवस, ठेवायचं. ते साखर खातात आणि लॅक्टिक ॲसिड करतात. ह्या टप्प्याला हॉप्स जवळपास फिरकू द्यायचे नाहीत, कारण हॉप्समध्ये ह्या जिवाणूंची वाढ थांबते, आणि म्हणूनच गोझ कडू नसते. हवा तेवढा आंबटपणा आला की मग उकळायचं, जिवाणू मेले, आंबटपणा तिथेच थांबला. उकळताना शेवटी शेवटी कुटलेले धने आणि मीठ. गार करायचं, यीस्ट घालायचं, पुढचं नेहमीसारखं. पहिली छोटी बॅच त्यानं चक्क दह्याच्या निवळीनं आंबवली होती म्हणे, आता पॅकेटातले जिवाणू आणतो कारण दर वेळी तीच चव हवी.

पण ही झाली आजची शॉर्टकट पद्धत, हे त्यानंच सांगितलं. जुनी पद्धत ह्याहून बेभरवशाची होती आणि तीच खरी बघण्यासारखी होती असं मला वाटतं. ही बिअर मुळात गोस्लार गावची, हार्त्झ डोंगराच्या पायथ्याचं खाणींचं गाव, तिथल्या रामेल्सबर्गच्या खाणीत हजार वर्षांहून जास्त काळ चांदी, तांबं, शिसं काढत होते, १९८८ ला खाण बंद झाली आणि १९९२ ला युनेस्कोनं तिला आणि गावाला जागतिक वारशात घेतलं. गावातनं गोझ नावाची छोटी नदी वाहते, तिचंच नाव बिअरला. तिथलं पाणीच खनिजांमुळे खारट होतं आणि पुढे दुसरीकडे ही बिअर करताना ती चव यावी म्हणून वरनं मीठ घालायला लागले, असं म्हणतात. मध्ययुगापासून ही तिथे होत होती. अठराव्या शतकात, १७३८ च्या सुमाराला, ती लायपझिगला पोचली आणि तिथे अशी काही रुजली की मूळ गावी बंद पडली तरी लायपझिगवाल्यांनी ती आपलीच करून टाकली. १९०० च्या आसपास लायपझिगमध्ये गोझ देणारी ८० च्या वर दुकानं होती.

आणि ती द्यायची पद्धत ऐका. ब्रूअरीतनं पिंप यायचं तेच अजून आंबत असलेलं. दुकानदार ते तळघरात ठेवायचा, जोर जरा ओसरला की लांब मानेच्या बाटल्यांत भरायचा, आणि बाटलीला बूच नाही, झाकण नाही, काही नाही. आतलं यीस्ट वर चढून त्या बारीक मानेत साचायचं आणि स्वतःच बूच व्हायचं. कुठली बाटली आज तयार, कुठली परवा, हे दुकानदाराच्या अनुभवावर. म्हणजे निम्मी बिअर ब्रूअर करायचा आणि निम्मी दुकानदार. हे ऐकताना मामा मान हलवत होते, त्यांना ह्यात काहीच नवल वाटत नव्हतं, कारण त्यांच्या डोक्यात तोपर्यंत माडी, म्हणजे नारळाच्या माडाची ताडी, सुरू झाली होती. ती गोष्ट पुढे.

जर्मनीत बिअरमध्ये धने आणि मीठ कसं काय चालतं हा प्रश्न मला पडला होता, कारण जर्मन बिअर म्हटलं की कुणीतरी १५१६ चा तो शुद्धतेचा कायदा सांगतंच. तर तो कायदा बव्हेरियाचा. इंगोलश्टाटमध्ये जाहीर झाला, जव, हॉप्स आणि पाणी एवढंच, यीस्टचं नाव नाही कारण यीस्ट म्हणजे काय हे तेव्हा माहीतच नव्हतं. गोस्लार आणि लायपझिग काही बव्हेरियात नाहीत, त्यामुळे ते आपलं मीठ घालत राहिले. सगळ्या जर्मन साम्राज्याला तो नियम १९०६ ला लागला, पण गोझला जुनी स्थानिक बिअर म्हणून सूट आहे. मला हे फार बरं वाटलं. शुद्धतेचे नियम करणारी माणसं सगळीकडे असतात आणि त्यांच्या हद्दीच्या जरा पलीकडे बसून निवांत धने कुटणारीही असतात.

मग ती मेली. म्हणजे गोझ. हाले शहराजवळ ड्योलनिट्झ नावाच्या गावात १८२४ पासून एक मोठी ब्रूअरी होती, लायपझिगला सगळ्यात जास्त गोझ तिथूनच जायची, ती १९४५ ला जप्त होऊन बंद झाली. तिथे काम केलेला फ्रीडरिष वुर्झलर नावाचा माणूस होता, त्यानं १९४९ ला लायपझिगमध्ये छोटीशी ब्रूअरी काढली आणि एकटाच गोझ करत राहिला. जाताना त्यानं कृती सावत्र मुलाला दिली. १९६६ ला तो मुलगा गेला आणि ब्रूअरीला टाळं लागलं. पूर्व जर्मनीतला तो काळ, एक आंबट बिअर गेली म्हणून कोण रडणार, शहराला गाड्या, कोळसा, घरं हवी होती. एका माणसावर टेकलेली गोष्ट त्या माणसाबरोबर गेली.

जवळजवळ वीस वर्षं जगात गोझ नव्हती. १९८० च्या दशकात लोथार गोल्डहान नावाच्या माणसानं लायपझिगच्या गोहलिस भागातलं ओह्ने बेडेंकेन नावाचं जुनं गोझचं दुकान परत उभं करायला घेतलं. दुकान गोझचं, मग आत गोझ नको? तो म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना शोधून विचारत फिरला की नेमकी कशी लागायची, किती आंबट, रंग काय. त्या शेवटच्या ब्रूअरीत मदतीला असलेल्या एकाकडे वहीत टिपणं सापडली. लायपझिगमधली कुठलीच ब्रूअरी करायला तयार नव्हती, शेवटी पूर्व बर्लिनमधली एक ब्रूअरी, जी दुसरी आंबट बिअर करायचीच, तिनं १९८५ ला करून बघितली. चाखायला बसवलं तेच म्हातारे. १९८६ ला दुकान उघडलं. पुढेही खंड पडले, परत सुरू झाली, मग २००० साली लायपझिगच्या जुन्या बायरिशर बानहोफ स्टेशनात खास गोझची ब्रूअरी निघाली. त्यानंतर अमेरिकेतले लोक हिच्या मागे लागले, त्यांनी हिच्यात कलिंगड, पेरू, काय वाटेल ते घातलं, आणि त्या वाटेनं ती पुण्या-मुंबईला आणि आता आमच्या पेडण्याला आली. फळं घातलेली गोझ मला आवडत नाही, स्पष्टच सांगतो, ते सरबत होतं. ह्या पोरानंही कोकम घालून करायचा बेत सांगितला तेव्हा मी त्याला म्हटलं, नको, साधीच राहू दे, कोकम आमच्या घरी आहे. तो हसला, पण करणार तो. टुरिस्ट लोकांना लाल रंग फोटोत बरा दिसतो.

खायला फ्राइज आणि चिकन विंग्ज होते, ते दोन्ही ह्या बिअरबरोबर फुकट. सोबत मागवलेल्या तळलेल्या मांदेली मात्र अशा जुळल्या की मामेभाऊ लिंबूसोड्याकडे बघून उसासे टाकायला लागला. साहजिक आहे, मासळीला आपण आंबट आणि मीठ लावतोच, इथे ते ग्लासातनं येत होतं. बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं असतं तर, असं माझ्या मनात येऊन गेलं, पण ते कुठली ब्रूअरी देणार.

आता माडी. मामांचं म्हणणं असं की ह्यात नवीन काय आहे, माडी सकाळी गोड, दहाला जराशी चुरचुरीत, दुपारी आंबट आणि संध्याकाळी ती ज्याची त्यानं प्यावी. तुम्ही बाहेरनं जिवाणू आणता, माडीला ते मडक्यातच भेटतात. ब्रूअर म्हणाला, अगदी खरंय, यीस्ट आणि हेच लॅक्टिकवाले, दोघं एकदमच कामाला लागतात. मग मामा त्याला माडी कशी काढतात हे सांगायला लागले आणि मी गप्प ऐकत बसलो, कारण हे मलाही धड माहीत नव्हतं. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, उमलायच्या आधी तिला दोरीनं घट्ट आवळायची. मग रोज हलक्या हातानं ठोकायची, इतकी हलकी की आतनं सैल व्हायला हवी पण फुटता नये. मग टोक छाटायचं आणि मडकं बांधायचं. पुढे दिवसातनं दोनदा वर चढायचं, मडकं उतरवायचं, आणि दर वेळी पोयीचा अगदी कागदाएवढा पापुद्रा काढायचा. जाड कापली तर पोय लवकर संपली, पातळ कापली तर रस येत नाही. किती जाड, ते हाताला कळतं. ज्या पोयीची माडी काढली तिला नारळ धरत नाहीत, त्यामुळे कुठल्या माडाची काढायची आणि कुठल्याची नाही, हाही हिशेब.

मामांच्या लहानपणी आमच्या वाडीला लागून भंडाऱ्यांची घरं होती आणि त्यातल्या तीन घरांत चढणारे पुरुष होते. एकाचा मुलगा मुंबईला पोस्टात लागला, दुसऱ्याचा गोव्यात हॉटेलात, तिसरा स्वतःच माडावरनं पडला आणि कंबरेतनं गेला, मग घरातल्या बाईनं पोरांना चढायला बंदी केली. बरोबरच केलं. माडी गेली म्हणून हळहळणाऱ्या लोकांत मीही आहे पण आमच्यापैकी एकालाही स्वतःच्या पोराला त्या पन्नास फुटांवर दिवसातनं दोनदा पाठवायचं नाही, तेव्हा ही हळहळ जरा खालच्या आवाजातच करावी.

त्या टेबलावर बसून मला सारखं हे जाणवत होतं की गोझ परत येऊ शकली कारण तिचा मोठा भाग वहीत उतरत होता. इतका गहू, इतके धने, इतकं मीठ, इतका वेळ. उरलेलं म्हाताऱ्यांच्या जिभेनं तपासून घेतलं. आणि मुख्य म्हणजे ती प्रवास करू शकत होती, गोस्लारला बंद पडली तर लायपझिगला, लायपझिगला मेली तर बर्लिनला, आता पेडण्याला. माडीला फेरीबोटीपर्यंत नेईतो तिचा स्वभाव बदलतो. आणि वहीत काय लिहिणार, "हलक्या हाताने ठोका"? उद्या कुणी गोल्डहानसारखा वेडा आमच्या वेंगुर्ल्यात निघाला, दुकान थाटलं, मामांसारख्या दहा जणांना बसवून चव विचारली, तरी वर चढणारा हात कुठनं आणणार. शिकवायला एक तरी चढता माणूस हवा, आणि शिकायला एक तरी असं पोरगं ज्याला ह्या कामाचे महिन्याकाठी हॉटेलातल्या पगारापेक्षा जास्त पैसे मिळतील. हे दुसरं मला जास्त अवघड वाटतं. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, बाटल्या देखण्या झाल्या, किंमत वाढली, ते बरंच झालं. पण फेणी बाटलीत वर्षानुवर्षं टिकते. माडीला लेबल लावेपर्यंत संध्याकाळ.

फेणीवरनं आठवलं. लायपझिगमध्ये गोझमध्ये कॅरवेचं (शहाजिऱ्यासारखा मसाला) गोडसर मद्य ओतून पितात, त्या मिश्रणाला ते लोक छत्री म्हणतात. हे ब्रूअरनं सांगितलं आणि मामांनी लगेच विचारलं, हुर्राक आसा काय? हुर्राक म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, एप्रिल हा तिचा ऐन सीझन, बारमागे बाटली होतीच. अर्धा पेग गोझमध्ये टाकला. काजूचा तो घमघमाट सगळ्यावर बसला, धने कुठे गेले कळेना, पण आंबट-खारटावर तो पिकलेल्या बोंडाचा वास काही वाईट लागत नव्हता. मला नाही आवडलं. मामांना फार आवडलं. ब्रूअरनं दोन घोट घेऊन काहीतरी फोनमध्ये टिपून घेतलं, म्हणजे पुढच्या वर्षी फळ्यावर छत्री दिसायची शक्यता आहे.

आणि मग मामांनी त्याला ऑफरच दिली. तुमच्या त्या गोड पाण्यात पॅकेट कशाला, ताजी माडी ओता लोटाभर, बघा काय होतं. पोरगा आधी घाबरला. टाकीत नको, म्हणाला, रानटी यीस्ट एकदा पाइपांत, रबरी वॉशरांत शिरलं की पुढच्या सगळ्या बिअरमध्ये डोकावतं, आयपीए पण आंबट, स्टाउट पण आंबट, मग मालक मलाच टाकीत घालेल. पण जरा वेळानं स्वतःच म्हणाला, बादलीत करून बघू शकतो, वीस लिटरच्या, बाहेर शेडमध्ये, वेगळी नळी, वेगळं सगळं, पण माडी सकाळची हवी आणि उतरवल्यापासून दोन तासांत इथे पोचली पाहिजे.

दोन तासांत म्हणजे शिरोड्याहून फेरीबोट धरून जमण्यासारखं आहे. मामेभावानं परतीच्या फेरीबोटीतच फोन लावायला सुरुवात केली. आरवलीच्या एकाला विचारलं, तो म्हणाला बंद केली, गुडघे गेले. रेडीच्या एकाचा फोन लागेना. आजगावातला एकजण अजून काढतो म्हणे, सकाळची चार-पाच बाटल्या होते, पण ती दोन घरांना कायमची ठरलेली आहे आणि त्यातलं एक घर लग्नाचं आहे, त्यामुळे मे संपेपर्यंत विचारू नका म्हणाला. हरमलच्या बाजूला एक रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, आहे असं ब्रूअरच्या किचनमधल्या बाईंनी सांगितलंय, तिथे येत्या रविवारी मामा स्वतः जाणार आहेत, आम्हाला बरोबर नेतील की नाही हे अजून त्यांनी सांगितलेलं नाही.